कुणी, कुणाला, काय करायला सांगितलं? आज्ञार्थी वाक्यांचं डायरेक्ट-इनडायरेक्ट

पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांपाशी पाच मिनिटं थांबलं, तरी आज्ञार्थी वाक्यांची रांग कानावर पडते. “पाण्यातून बाहेर या.” “हात सोडू नकोस.” “गाडी पुढं घ्या.” “कणीस गरम आहे, जपून धर.” यातलं कुठलंही वाक्य संध्याकाळी घरी जाऊन सांगायचं झालं, तर मराठीत आपण अडखळत नाही. पोलिसानं आम्हाला पाण्यातून बाहेर यायला सांगितलं, की झालं. तेच इंग्रजीत सांगायची वेळ आली की वडगावच्या शाळेतला दहावीचा मुलगा अडतो, लोणावळ्याच्या हॉटेलात रिसेप्शनवर नव्यानं लागलेली मुलगी अडते, आणि लोहगडावर पर्यटकांना घेऊन जाणारा तरुणही अडतो.

अडण्याचं कारण विषयाची अवघडता नाही, तो शिकवण्याचा क्रम आहे. डायरेक्ट-इनडायरेक्टच्या धड्यात आधी साधी विधानं येतात, मग प्रश्न. ‘इज’चं ‘वॉज’, ‘विल’चं ‘वुड’, ‘हॅव’चं ‘हॅड’ करून करून मुलं इतकी सावध झालेली असतात की आज्ञार्थी वाक्य समोर आलं तरी त्यात काळ शोधत बसतात. तिथं बदलायला काळच नसतो. या धड्यातला सगळ्यात सोपा भाग हाच आहे, आणि त्याचा साचा मराठी मुलाच्या तोंडात आधीपासून तयार आहे.

हे वाक्य घ्या. आईनं मला म्हटलं, “दार लाव.” मराठीत हे दुसऱ्याला सांगायच्या दोन रीती आहेत. एक, “आईनं मला सांगितलं की दार लाव.” दुसरी, “आईनं मला दार लावायला सांगितलं.” इंग्रजीला दुसरी रीत चालते. ‘लावायला’च्या जागी ‘टू क्लोज’ बसतं, ‘सांगितलं’च्या जागी ‘टोल्ड’.

डायरेक्ट: मदर सेड टू मी, “क्लोज द डोअर.”
इनडायरेक्ट: मदर टोल्ड मी टू क्लोज द डोअर.

अवतरणचिन्हं गेली, स्वल्पविराम गेला, ‘सेड टू’चं ‘टोल्ड’ झालं, आणि क्रियापदाच्या मूळ रूपाआधी ‘टू’ आलं. सांगणारी व्यक्ती काल बोलली असो की दहा वर्षांपूर्वी, ‘टू’च्या पुढचं क्रियापद ‘क्लोज’च राहतं. ‘टू क्लोज्ड’ असं कधीही होत नाही.

घोटाळा पहिल्या रीतीमुळे होतो. मनात ‘की दार लाव’ असतं, म्हणून हात ‘दॅट’ लिहितो आणि वहीत उतरतं, “मदर टोल्ड मी दॅट क्लोज द डोअर.” मराठी माध्यमाच्या वह्यांमध्ये या प्रकरणातली ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक असावी. ‘दॅट’ वापरायचाच असेल तर पुढं पूर्ण वाक्य हवं, “मदर टोल्ड मी दॅट आय शुड क्लोज द डोअर.” हे शुद्ध आहे, फक्त लांबलचक आहे. म्हणून सवय अशी लावून घ्यावी, की पेन टेकवण्याआधी मनातल्या मराठी वाक्यातला ‘की’ काढून टाकायचा आणि ‘-ायला सांगितलं’ आणायचं. ‘थांबायला सांगितलं’, ‘लिहायला सांगितलं’, ‘परत जायला सांगितलं’. एवढं जमलं की इंग्रजी वाक्य जवळजवळ आपोआप येतं.

आता नकार. इथं मात्र मराठी साचा पुरा पडत नाही, हे विद्यार्थ्याला आधीच सांगून ठेवायला हवं. “आत जाऊ नका” हे आपण “आत न जायला सांगितलं” असं सहसा म्हणत नाही. आपण म्हणतो, “आत जाऊ नका म्हणून सांगितलं.” त्यामुळे मुलं ‘नका’ जसंच्या तसं उचलतात आणि लिहितात, “द गार्ड टोल्ड अस टू डोन्ट गो.” इंग्रजीत ‘डोन्ट’ पूर्ण गळून पडतं आणि त्याच्या जागी ‘नॉट’ येतं, तेही ‘टू’च्या आधी.

डायरेक्ट: द गार्ड सेड टू अस, “डोन्ट फीड द मंकीज.”
इनडायरेक्ट: द गार्ड टोल्ड अस नॉट टू फीड द मंकीज.

बोलताना ‘टू नॉट’ असंही ऐकू येतं. परीक्षेत आणि कार्यालयीन लेखनात ‘नॉट टू’च लिहावं. आणखी एक काळजी घ्यावी. “द गार्ड डिडन्ट टेल अस टू स्टॉप” म्हणजे गार्डनं आम्हाला थांबायला सांगितलंच नाही, तर “द गार्ड टोल्ड अस नॉट टू स्टॉप” म्हणजे थांबू नका असं त्यानं बजावलं. ‘नॉट’ची जागा हलली की अर्थ पुरता फिरतो. पहिल्या वाक्यात गार्डनं तशी आज्ञाच दिली नाही, दुसऱ्यात त्यानं स्पष्ट मनाई केली.

यापुढचा मुद्दा पाठ्यपुस्तकांत एका ओळीत आटोपतात, पण माझ्या मते निम्मे गुण तिथंच जातात. मराठीत ‘कुणाला’ हा शब्द सर्रास गाळला जातो. “सरांनी बसायला सांगितलं” हे पूर्ण वाक्य आहे, कारण कुणाला ते ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत “सर टोल्ड टू सिट” हे वाक्य उभंच राहत नाही. ‘टोल्ड’च्या लगेच पुढं माणूस हवा: मी, अस, हिम, हर, देम, द बॉइज, द गेस्ट, कुणीतरी. मूळ वाक्यात तो माणूस नेहमी ‘सेड टू’च्या पुढं बसलेला असेल असंही नाही. कधी तो अवतरणचिन्हांच्या आत, हाक मारल्यासारखा असतो.

डायरेक्ट: “स्टॅन्ड बिहाइंड द रेलिंग, चिल्ड्रन,” द टीचर सेड.
इनडायरेक्ट: द टीचर टोल्ड द चिल्ड्रन टू स्टॅन्ड बिहाइंड द रेलिंग.

हाक उचलून ‘टोल्ड’च्या पुढं आणून ठेवली. हाक ‘सर’, ‘मॅडम’, ‘माय फ्रेन्ड्स’ अशी असेल तर तिच्यातला आदर किंवा आपलेपणा ‘रिस्पेक्टफुली’ किंवा ‘ॲज हिज फ्रेन्ड्स’ अशा शब्दांत मांडायची जुनी पद्धत आहे. परीक्षेत ती कुणी मागितली तर लिहावी, एरवी गरज नाही. वाक्यात ऐकणारा कुठंच सापडत नसेल तर संदर्भावरून ‘हिम’, ‘अस’ किंवा ‘देम’ घ्यावा.

‘आस्क्ड’च्या बाबतीत ही चूक नुसती व्याकरणाची राहत नाही. तिथं माणूस गाळला तरी वाक्य शुद्धच दिसतं, पण अर्थ दुसराच होतो. हॉटेलात काम करणाऱ्यांनी हे नीट ध्यानात ठेवावं. “द गेस्ट आस्क्ड अस टू लीव्ह द रूम” म्हणजे पाहुण्यानं आपल्याला खोलीबाहेर जायला सांगितलं. “द गेस्ट आस्क्ड टू लीव्ह द रूम” म्हणजे पाहुण्यालाच खोली सोडायची आहे आणि त्यानं तशी परवानगी मागितली. ‘अस’ हा एक शब्द गळला, तर रात्रपाळीचा माणूस सकाळपाळीच्या माणसाला भलतीच गोष्ट कळवून बसेल आणि पाहुण्याचं बिल काढून ठेवलं जाईल.

सांगणारा कोण हे महत्त्वाचं नसतं, किंवा ते सांगायचं नसतं, तेव्हा इंग्रजी वाक्य उलटं फिरतं: “वी वेअर टोल्ड टू वेट.” आम्हाला थांबायला सांगण्यात आलं. याचे नमुने पाहायला पुस्तक उघडायची गरज नाही. रेल्वे स्टेशनवरच्या “पॅसेंजर्स आर रिक्वेस्टेड नॉट टू क्रॉस द ट्रॅक्स” अशा धाटणीच्या सूचना म्हणजे याच प्रकरणातली वाक्यं आहेत. मूळ आज्ञा “डोन्ट क्रॉस द ट्रॅक्स”. सांगणारा दडवला, ‘रिक्वेस्टेड’ घातलं, आज्ञा सौम्य झाली, पण बंधन तेवढंच राहिलं. लोणावळा-पुणे लोकलनं रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलांनी स्टेशनवरच्या, डब्यातल्या अशा पाट्या हेरून त्यांची मूळ आज्ञार्थी वाक्यं करून पाहावीत. उलट दिशेचा सराव, म्हणजे इनडायरेक्टचं डायरेक्ट करणं, यातून आपोआप होतो आणि त्यावर वेगळा वेळ घालवावा लागत नाही.

आता या विषयाचा गाभा. मराठीत आज्ञेचा सूर क्रियापदाच्या टोकाला असतो. ये, या, ये ना, यावं, येशील का, येच. एका ‘ये’ची ही सगळी रूपं ऐकताच हुकूम कुठला, आर्जव कुठलं, हे कळतं. इंग्रजीत ‘कम’ हे ‘कम’च राहतं. सूर आवाजात असतो, नाहीतर ‘प्लीज’मध्ये. पण दुसऱ्याला सांगताना आवाज सोबत नेता येत नाही आणि ‘प्लीज’ही गळतं. मग तो सूर सांगायचा कुठं? सांगण्याच्या क्रियापदात. ‘टोल्ड’, ‘आस्क्ड’, ‘रिक्वेस्टेड’, ‘ऑर्डर्ड’, ‘ॲडव्हाइज्ड’, ‘वॉर्न्ड’, ‘रिमाइंडेड’, ‘बेग्ड’, ‘अर्ज्ड’, ‘इन्व्हाइटेड’ यांतलं कुठलं घ्यायचं, हा या प्रकरणातला एकमेव खरा निर्णय आहे. बाकी सगळं यांत्रिक आहे. म्हणून वाक्य हाती आलं की आधी दोनच गोष्टी विचाराव्यात. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्यावर हुकूम चालवायचा अधिकार आहे का? आणि सांगितलेलं न केल्यास नुकसान कुणाचं?

ही क्रियापदं शिकायला मावळ तालुक्यासारखी जागा नाही. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी हे भारतीय नौदलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. 1945 पासून तिथं नौदलाच्या अभियांत्रिकी शाखेचं शिक्षण दिलं जातं. तिथल्या कवायतीच्या मैदानावर “हॉल्ट” म्हटलं जातं तेव्हा समोरच्याला पर्याय नसतो. अधिकार पुरता, नकाराला जागा नाही. इथं ‘ऑर्डर्ड’ किंवा ‘कमांडेड’ शोभतं: “द ऑफिसर ऑर्डर्ड द कॅडेट्स टू हॉल्ट.” त्याच गावात कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये ते स्थापन केलं आणि योगाचा शास्त्रीय अभ्यास तिथं सुरू झाला. योगवर्गातही सगळी वाक्यं आज्ञार्थीच असतात. डोळे मिटा, श्वास घ्या, हळूहळू सोडा. पण तिथं कुणी हुकूम सोडत नाही, कृती शिकवली जाते. म्हणून “द टीचर इन्स्ट्रक्टेड द स्टुडन्ट्स टू ब्रीद आउट स्लोली.” ‘ऑर्डर्ड’ घातलं तर वाक्य व्याकरणानं शुद्ध राहील, पण योगवर्गाची कवायत होऊन बसेल.

लोहगडवाडीतून वर निघताना वाटाड्या म्हणतो, “कॅरी इनफ वॉटर.” त्याला अधिकार नाही, अनुभव आहे, आणि पाणी नाही नेलं तर हाल ऐकणाऱ्याचेच होणार. हा सल्ला झाला: “द गाइड ॲडव्हाइज्ड देम टू कॅरी इनफ वॉटर.” तोच वाटाड्या गडाच्या विंचूकाटा या टोकाकडे जाताना ओरडतो, “डोन्ट स्टेप ऑन द वेट रॉक्स!” आता धोका आहे, तेव्हा हा इशारा: “द गाइड वॉर्न्ड देम नॉट टू स्टेप ऑन द वेट रॉक्स.” कार्ल्याला एकवीरा देवीच्या चैत्रातल्या यात्रेला कुणी घरच्यांना आग्रहानं बोलावलं, “डू कम टू द जत्रा,” तर तिथं ‘इन्व्हाइटेड’ किंवा ‘अर्ज्ड’. ते ‘डू’ आग्रहाचं आहे, इनडायरेक्टमध्ये ते गळतं. आणि सकाळी निघताना आईनं म्हटलं, “डोन्ट फर्गेट टू टेक युअर अम्ब्रेला,” तर “मदर रिमाइंडेड मी टू टेक माय अम्ब्रेला.” या वाक्यात ‘डोन्ट फर्गेट’ दोन्ही शब्द गेले, कारण ‘रिमाइंडेड’मध्ये ते आलेच. इथं ‘नॉट’ घालायचं नाही. ‘रिमाइंडेड मी नॉट टू टेक’ लिहिलं तर आईनं छत्री नेऊ नको म्हटल्यासारखं होईल.

‘फॉरबेड’चंही असंच. त्याच्या पोटातच नकार आहे. “द ऑफिसर फॉरबेड देम टू एन्टर” एवढंच पुरे, त्यापुढं ‘नॉट’ आलं की अर्थ उलटतो. हा शब्द आता बोलण्यात कमी येतो, पण परीक्षक त्यावर हमखास प्रश्न काढतात.

दोन क्रियापदं मात्र या साच्यात बसत नाहीत आणि मराठी मुलं ती जबरदस्तीनं बसवतात. एक ‘सजेस्टेड’. “ही सजेस्टेड मी टू गो” हे चूक आहे. “ही सजेस्टेड दॅट आय शुड गो” असं लिहावं, किंवा ‘ॲडव्हाइज्ड मी टू गो’. दुसरं ‘सेड’. “ही सेड मी टू गो” हे कुठल्याही परिस्थितीत चालत नाही.

सूर नेमका पकडण्याला मी एवढं महत्त्व का देतो, त्याला एक दुःखद कारण आहे. 30 जून 2024 रोजी भुशी धरणामागच्या धबधब्याच्या लोंढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनानं धबधबे आणि धरणांच्या परिसरात मनाई आदेश काढले. 15 जून 2025 रोजी मावळातच कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसह कोसळला. या तालुक्यात पाण्याजवळ व्यवसाय करणारे शेकडो तरुण आहेत. पवना धरणाच्या काठी तंबू लावून देणारे, रिसॉर्टमध्ये काम करणारे, सहली घेऊन जाणारे. परप्रांतातले, परदेशातले पाहुणे असले तर रोजच्या नोंदी, ईमेल, निरोप इंग्रजीत जातात. “वी टोल्ड द गेस्ट्स अबाउट द वॉटर” आणि “वी वॉर्न्ड द गेस्ट्स नॉट टू एन्टर द वॉटर आफ्टर सनसेट” या दोन नोंदींत फार अंतर आहे. पहिलीत काय सांगितलं तेच कळत नाही. दुसरीत कुणी, कुणाला, कशापासून सावध केलं हे स्पष्ट आहे आणि पाळी बदलून येणाऱ्या सहकाऱ्याला तिच्यावरून पुढं काय करायचं ते कळतं. वहीत नुसता ‘टोल्ड’ दिसला तर तो निवांत राहील, ‘वॉर्न्ड’ दिसला तर पुन्हा एकदा काठावर चक्कर मारेल.

जुलै 2025 मध्ये लोहगडाचं नाव ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या बारा किल्ल्यांच्या समूहात युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. कार्ले, भाजे, बेडसे इथली लेणी पाहायला जगभरचे अभ्यासक पूर्वीपासून येतात. इथल्या मुलांना इंग्रजीत सूचना देता येणं आणि दिलेल्या सूचनेचा निरोप नेमका पोहोचवता येणं, ही आता रोजगाराची गोष्ट आहे. शाळेतल्या गुणांपुरती ती उरलेली नाही.

सर्वनामं आणि वेळ-स्थळाचे शब्द यांवर थोडक्यात. ‘युअर’ कुणाचं ते पाहून ‘माय’, ‘अवर’, ‘हिज’, ‘हर’ किंवा ‘देअर’ करायचं. “शो युअर टिकेट्स” असं टीसीनं आम्हाला म्हटलं तर “टोल्ड अस टू शो अवर टिकेट्स”, त्यांना म्हटलं तर “टोल्ड देम टू शो देअर टिकेट्स”. मराठीत ‘आपापली तिकिटं’ म्हणून भागतं, इंग्रजीत ठरवावं लागतं. ‘हिअर’चं ‘देअर’, ‘नाऊ’चं ‘देन’, ‘टुडे’चं ‘दॅट डे’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’, ‘धिस’चं ‘दॅट’, हे तक्ते सगळ्यांना पाठ असतात. ते आंधळेपणानं लावू नयेत एवढंच सांगायचं आहे. सकाळी साहेब म्हणाले, “कम टुमॉरो,” आणि तुम्ही त्याच दिवशी दुपारी ते कुणाला सांगत असाल, तर उद्या हा अजून उद्याच आहे: “ही टोल्ड मी टू कम टुमॉरो.” परीक्षेतल्या सुट्या वाक्यात संदर्भ दिलेला नसतो, म्हणून तिथं ‘द नेक्स्ट डे’ लिहावं. जागेचंही तसंच. सांगणारा ‘कम’ म्हणाला, पण तुम्ही आता दुसरीकडे असाल तर ‘कम’चं ‘गो’ होऊ शकतं. मराठीतही “ये म्हणाला” हे आपण दुसऱ्या गावात बसून “त्यानं तिकडं जायला सांगितलंय” असंच सांगतो.

विनंत्या पुष्कळदा प्रश्नाचं रूप घेऊन येतात. “कुड यू कॉल अ टॅक्सी?” यात पाहुणा तुमची क्षमता तपासत नाही, टॅक्सी मागतो आहे. म्हणून “द गेस्ट आस्क्ड मी टू कॉल अ टॅक्सी” असंच लिहावं. “आस्क्ड इफ आय कुड कॉल” हेही चूक नाही, पण काम काय आहे ते ‘टू कॉल’नं थेट कळतं. खरा प्रश्न वेगळा: “डू यू नो द वे टू राजमाची?” याला उत्तर हवं आहे, कृती नको. तिथं “आस्क्ड मी इफ आय न्यू द वे टू राजमाची”. कृती हवी असेल तर ‘टू’, उत्तर हवं असेल तर ‘इफ’.

‘लेट’नं सुरू होणारी वाक्यं मुलांना भेडसावतात, पण मराठी कान असलेल्याला ती सोपी जावीत. “लेट्स क्लाइम्ब तिकोना” म्हणजे ‘चला, तिकोना चढूया’. बोलणारा स्वतःही त्यात आहे, तो सुचवतो आहे. इथं आज्ञेचा साचा सोडून ‘सजेस्टेड’ किंवा ‘प्रपोज्ड’ घ्यायचं: “शी सजेस्टेड दॅट दे शुड क्लाइम्ब तिकोना,” किंवा थोडक्यात “शी सजेस्टेड क्लाइम्बिंग तिकोना.” मात्र “लेट अस गो, सर” म्हणजे ‘आम्हाला जाऊ द्या, सर’ असेल तर ती विनवणी आहे: “दे रिक्वेस्टेड द टीचर टू लेट देम गो.” मराठीत ‘जाऊया’ आणि ‘जाऊ द्या’ ही रूपंच वेगळी आहेत. आधी मराठीत कुठलं बसतं ते पाहावं आणि मग क्रियापद निवडावं.

रूप आज्ञार्थी पण आज्ञा मुळीच नाही, अशीही वाक्यं असतात. “हॅव अ सेफ जर्नी” म्हणणाऱ्यानं काही करायला सांगितलेलं नाही, शुभेच्छा दिली आहे: “ही विश्ड अस अ सेफ जर्नी.” चिक्कीच्या दुकानातून निघताना “थँक यू, कम अगेन” ऐकलं तर “ऑर्डर्ड अस टू कम अगेन” लिहिणं विपरीत होईल. “थँक्ड अस अँड इन्व्हाइटेड अस टू कम अगेन” हे बरोबर.

खऱ्या बोलण्यात विधान आणि आज्ञा जोडीनं येतात. “द पाथ इज स्लिपरी. होल्ड द रोप.” अशा वेळी एका क्रियापदानं दोन्ही ओढू नयेत. विधानाला त्याचा नियम, आज्ञेला तिचा: “द गाइड सेड दॅट द पाथ वॉज स्लिपरी अँड टोल्ड अस टू होल्ड द रोप.” इथं ‘इज’चं ‘वॉज’ झालं, कारण ते विधान आहे. ‘होल्ड’ तसंच राहिलं, कारण ती आज्ञा आहे. धड्याचा सगळा फरक या एका वाक्यात दिसतो, म्हणून शिक्षकांनी फळ्यावर हेच वाक्य आधी लिहावं असं मला वाटतं. दोन आज्ञा असतील तर ‘अँड’नं जोडाव्यात: “टोल्ड अस टू टेक ऑफ अवर शूज अँड वॉक क्वाएटली.” दुसरा ‘टू’ लिहिला तरी चालतो, नाही लिहिला तरी चालतो. पण दुसरी आज्ञा नकाराची असेल तर ‘अँड नॉट टू’ पूर्ण लिहावं.

सरावाला ही वाक्यं करून पाहा. उत्तरं लगेच वाचू नका.

द डॉक्टर सेड टू द ओल्ड मॅन, “वॉक डेली, बट डोन्ट क्लाइम्ब द फोर्ट.”
“प्लीज लेन्ड मी युअर टॉर्च,” शी सेड टू हिम.
“डोन्ट फर्गेट टू लॉक द गेट,” द मॅनेजर सेड टू द वॉचमन.
“लेट्स वेट हिअर टिल द रेन स्टॉप्स,” सेड माय ब्रदर.

पहिल्यात सल्ला आहे: “द डॉक्टर ॲडव्हाइज्ड द ओल्ड मॅन टू वॉक डेली बट नॉट टू क्लाइम्ब द फोर्ट.” दुसऱ्यात ‘प्लीज’ गळतं आणि ‘युअर’, ‘मी’ दोन्ही बदलतात: “शी रिक्वेस्टेड हिम टू लेन्ड हर हिज टॉर्च.” तिसरं: “द मॅनेजर रिमाइंडेड द वॉचमन टू लॉक द गेट.” चौथ्यात बोलणारा स्वतःही थांबणार आहे: “माय ब्रदर सजेस्टेड दॅट वी शुड वेट देअर टिल द रेन स्टॉप्ड.”

एक विनंती शिक्षकांना. दुसऱ्या वाक्याला कुणी ‘रिक्वेस्टेड’ऐवजी ‘आस्क्ड’ लिहिलं, किंवा तिसऱ्याला “टोल्ड द वॉचमन नॉट टू फर्गेट टू लॉक द गेट” लिहिलं, तर तेही शुद्ध इंग्रजी आहे. उत्तरसूचीतल्या नमुन्याशी शब्दाला शब्द जुळत नाही म्हणून त्याचे गुण कापू नका. वर्गात त्याला विचारा की हेच क्रियापद का निवडलंस. सूर ओळखून निवडलं असेल तर पूर्ण गुण द्या.